‘डॉक्टर-नर्सनाच शुगर होते’ म्हणून गोळ्या सोडू नका

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘दवाखान्यातल्या डॉक्टर-नर्सनाच बीपी आणि शुगर असते. ते तुम्हाला काय बरं करणार? कंपन्यांनी आकडे खाली आणून हे आजार तयार केलेत. गोळ्यांनी किडनी जाते. आजच बंद करा.’ मी नर्स आहे. हा मेसेज वाचून लोक गोळ्या सोडतायत, म्हणून लिहितेय.

‘त्यांनाच होतं.’ हो, होतं. 2023 मध्ये आलेल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब पाहणीत देशातल्या 11.4 टक्के प्रौढांना मधुमेह आणि 35.5 टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. युनिफॉर्म घातला म्हणून आम्ही त्यातून सुटत नाही, उलट आमच्या कामाने धोका वाढतो. अमेरिकेतल्या पावणेदोन लाखांवर नर्सच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून 2011 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 20 वर्षं किंवा त्याहून जास्त काळ आलटूनपालटून रात्रपाळी केलेल्यांना टाइप 2 मधुमेहाचा धोका सुमारे 58 टक्के जास्त होता. वाढलेल्या वजनाचा हिशेब बाजूला काढल्यावरही 24 टक्के उरलाच. रात्री शरीर साखर नीट हाताळत नाही आणि आम्ही खातो नेमकं तेव्हाच. पहाटे दोनला वॉर्डात असतं काय? गोड चहा, पार्ले-जी, कुणीतरी आणलेलं फरसाण. सकाळच्या राउंडआधी प्रत्येक पेशंटचं बीपी घेणारी सिस्टर स्वतःच्या दंडाला पट्टा महिनोन्‌महिने बांधत नाही. तिची गोळी हँडओव्हरच्या गडबडीत राहून जाते. हा दोष ड्युटीच्या रचनेचा आहे, औषधाचा नाही.

‘बरं करता येत नाही.’ हे आजार बहुतेकदा ताब्यात ठेवायचे असतात, आणि ते ठेवल्याने फरक पडतो. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासात (1998) मधुमेहींचा रक्तदाब काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्यावर पक्षाघाताचं प्रमाण 44 टक्क्यांनी घटलं.

‘आकडे खाली आणले.’ मधुमेह ठरवण्यासाठीची उपाशीपोटी साखरेची मर्यादा 1997 मध्ये 140 वरून 126 झाली, हे खरं. पण डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा साधारण त्याच पातळीपासून वाढताना दिसत होती, म्हणून ती बदलली. आणि बीपीचं म्हणाल, तर अमेरिकेने 2017 मध्ये 130/80 धरलं तरी आपल्या सरकारी कार्यक्रमात निदान 140/90 वरच होतं.

‘किडनी जाते.’ किडनी निकामी होण्याची दोन मोठी कारणं म्हणजे आटोक्यात नसलेली शुगर आणि आटोक्यात नसलेलं बीपी. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी तर किडनी जपायलाही देतात. किडनी आधीच कमजोर असली की डॉक्टर शुगरची गोळी मेटफॉर्मिन कमी करतात किंवा थांबवतात. लोक त्याचा उलटा अर्थ लावतात, की त्याच गोळीने किडनी खराब केली. मनाने घेतलेल्या पेनकिलरबद्दल मात्र कुणी मेसेज पाठवत नाही, आणि किडनीला धोका त्यांचा असतो.

‘आजच बंद करा’ हे या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य. ॲटेनोलॉलसारखी बीपीची गोळी एकाएकी सोडली तर छातीत दुखू शकतं, हार्ट अटॅकही येऊ शकतो. गोळी कमी करायची असेल तर बीपीच्या नोंदींची वही घेऊन डॉक्टरांकडे जा.