अठ्ठावन्नच्या आत कॅन्सर नको असेल, तर जिल्हा नीट निवडा

फ्लॅट घेताना तुम्ही काय काय बघता? पाणी किती वाजता येतं, पार्किंगवर पत्रा आहे का, खिडकीतून टेकडी दिसते की समोरच्यांचं स्वयंपाकघर. वाणी किती लांब, अमृततुल्य किती जवळ. एवढ्या चौकशा करणारा माणूस 'इथे निवृत्तीच्या आधी कॅन्सर व्हायचा दर काय?' असं मात्र बिल्डरला कधी विचारत नाही. वास्तविक दर छापील आहेत, सरकारी आहेत आणि मुख्य म्हणजे फुकट आहेत. तरीही पुणेकर ते घेत नाही, म्हणजे त्याला कुणी सांगितलेलंच नसणार.

तर सांगतो. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०२० चा अहवाल काढा. पुरुषांत सगळ्यात वरचा दर मिझोराममधल्या ऐझॉल जिल्ह्याचा, वर्षाला लाखामागे २६९.४. बायकांत अरुणाचलातलं पापुमपारे, २१९.८. आणि सगळ्यात खाली कोण? उस्मानाबाद आणि बीड. पुरुष ३९.५, बायका ४९.४. पुणे या दोन टोकांच्या मध्ये आणि मुंबईच्या खाली. 'मुंबईच्या खाली' एवढं वाचून ज्यांचं समाधान झालं, त्यांनी इथे थांबायला हरकत नाही. बाकीच्यांनी बॅग भरावी. बीड एसटीनं दिवसात गाठता येतं, जागा स्वस्त आहे आणि सातबारा बघायची आपल्याला सवय आहेच.

आता तुम्ही म्हणाल, 'तिकडे सगळी तरुण मंडळी असतील, आमच्या सदाशिव पेठेत एकेका वाड्यात चार-चार नव्वदीचे. दर वाढणारच.' ही पळवाट नोंदणीवाल्यांनी आधीच बुजवली आहे. हे दर वयानुसार समायोजित असतात. प्रत्येक ठिकाणचे आकडे एका ठरावीक काल्पनिक लोकसंख्येवर बसवतात, म्हणजे म्हाताऱ्यांचं गाव आणि पोरांचं गाव एका पातळीवर येतं. शेजारच्या आजोबांवर खापर फोडता येत नाही. शिवाय ३५ ते ६४ या वयाचा एक वेगळा दर काढतात. तो खास आपल्यासाठी. महाराष्ट्र सरकारला वाटतं माणूस अठ्ठावन्नपर्यंत कामाचा, केंद्र सरकारला वाटतं साठपर्यंत आणि आयटी कंपनीला पंचेचाळिशीतच शंका येऊ लागते. कर्करोग नोंदणी एवढी एकच जागा उरली आहे, जिथे माणूस चौसष्टपर्यंत हिशेबात धरतात. याचं एक कारण असं, की या वयातली निदानं जास्त भरवशाची असतात. पंच्याऐंशीच्या आजींचा तुकडा काढून तपासायला पाठवावा, असं घरात कुणाच्या मनात येत नाही. 'वय झालं' हे निदान पुरतं.

असो. बॅग भरलीत? मग एक तांत्रिक अट सांगायची राहिली. कॅन्सरच्या आकड्यात यायचं तर आधी कॅन्सरचं निदान व्हावं लागतं. नुसता होऊन चालत नाही. गाठ लागली पाहिजे, ती कुणाला तरी दाखवली पाहिजे, त्यानं पुढे पाठवलं पाहिजे, पुढे जायला भाड्याचे पैसे पाहिजेत, तिथे यंत्र चालू पाहिजे आणि त्या दिवशी तंत्रज्ञ रजेवर नको. इतकी सगळी माळ जुळली की माणूस आकडा होतो. एखादा मणी गळला की जिल्हा निरोगी.

हे नोंदणीवाल्यांना माहीत नाही असं समजू नका. १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, भूम आणि परांडा हे तालुके त्यात घेतले. शहरात नोंदणीचा माणूस दवाखान्यादवाखान्यांतून फिरतो आणि केसपेपर उतरवून घेतो. बार्शीकडे तेवढ्यानं भागेना, कारण पेशंट दवाखान्यात यायला हवेत ना! मग माणसं गावोगाव गेली, पारावर बसली, 'कुणाच्या तोंडात जखम आहे का, कुणाला अंगावरून जास्त जातंय का' असं विचारत राहिली. या उद्योगाचा परिणाम उघड होता. लोक तपासायला येऊ लागले, म्हणजे कॅन्सर 'वाढला'. तुमच्या भागाचा दर कमी ठेवायचा असेल, तर असली माणसं सोसायटीच्या गेटवरच अडवा. 'विक्रेत्यांना प्रवेश नाही' ही पाटी त्यासाठी पुरेशी आहे.

उलट टोक हवं असेल तर दक्षिण कोरिया बघा. तिथे तपासण्यांच्या पॅकेजात गळ्याची सोनोग्राफीही मिळू लागली आणि १९९३ ते २०११ या काळात थायरॉइडच्या कॅन्सरचं प्रमाण सुमारे पंधरापट झालं. मृत्यू होते तेवढेच राहिले. आपल्याकडेही वाढदिवसाला बायकोला 'संपूर्ण आरोग्य तपासणी' भेट द्यायची पद्धत आहे. एकाच देशात कुणाला गळ्यातली मोहरीएवढी गाठ सापडते आणि कुणाला छातीतली लिंबाएवढी दाखवायला दिवाळीनंतरचा मुहूर्त लागतो. नकाशात दोघींच्या जिल्ह्यांचे रंग वेगळे येतात. ते रंग बघून आपण हवापाण्यावर चर्चा करावी.

बीडला जाणार असाल तर तिथल्या बायकांची कॅन्सरपासून कशी काळजी घेतली गेली, तेही ठाऊक असावं. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचा पाळीमुळे खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. अंगावरून जातं म्हणून डॉक्टरकडे गेलं की 'पिशवी काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल' असं सांगितलं जायचं. बाई तिशीतली, कधी त्याहून लहान. तपासणी कसली नाही, एकदम ऑपरेशन. २०१९ मध्ये सरकारी समितीनं पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. नोंदणीत कॅन्सरचा दर सगळ्यात कमी कुठे, तर या जिल्ह्यात. आणि कॅन्सरच्या नावानं पोट फाडलं कुणाचं, तर याच जिल्ह्यातल्या बायकांचं. यावर मला एखादा विनोद सुचायला हवा होता. सुचला नाही.

शेजारच्या उस्मानाबादेत (आता धाराशिव) याच्या उलट गोष्ट घडली होती. १९९९ पासून तिथल्या तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर बायकांवर एक मोठा अभ्यास झाला. काही गावांत शरीरसंबंधातून पसरणाऱ्या आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी झाली, काही गावांत दुसऱ्या तपासण्या, काही गावांत नेहमीचाच कारभार. आठ वर्षांनी हिशेब केला, तर आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे. २००९ मध्ये हे निष्कर्ष आले आणि जगभरच्या डॉक्टरांनी उस्मानाबाद नकाशात शोधलं. पुण्यातल्या सुशिक्षित बाईनं यातून काय घ्यावं? काही नाही. ते खेड्यातल्या बायकांसाठी होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची कुठलीही तपासणी कधी ना कधी झालेल्या भरल्या १.९ टक्के. शहरांतला आकडाही तिथेच घुटमळतो. म्हणजे इंग्रजी शाळा, मॉल आणि उड्डाणपूल यांचा गर्भाशयमुखाशी थेट संबंध नसावा.

त्या विषाणूवरची पहिली भारतीय लस कुठे बनते? हडपसरला. २०२३ च्या जानेवारीत बाजारात आली. काखेत कळसा म्हणतात तो हा. बारा वर्षांच्या मुलीला ती द्यायची का, यावर आमच्या सोसायटीत चर्चा झाली. 'आमची मुलगी तसली नाही' असा ठराव एकमतानं पास झाला आणि मंडळी गणपतीच्या वर्गणीकडे वळली.

याच बैठकीत एका काकांनी दुसराही शोध लावला. पुण्यात बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे आणि पहिलं मूल उशिरा, मुलं कमी, अंगावर पाजणं थोडे दिवस, ही त्याची काही कारणं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. 'म्हणून सांगतो, मुलींची लग्नं वेळेत करा.' त्यांना कुणीतरी सांगितलं, की काका, लवकर लग्न आणि जास्त बाळंतपणं यांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, खेड्यांत तोच जास्त दिसायचा. काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, 'म्हणजे काहीही केलं तरी बायकांचंच काहीतरी निघतं.' चहा आला म्हणून वाद थांबला.

चहावरून आठवलं. पासष्ट अंशांच्या वर गरम असलेलं कुठलंही पेय अन्ननलिकेच्या कॅन्सरला 'बहुधा कारणीभूत' असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये जाहीर केलं. अमृततुल्यातला कटिंग किती अंशांवर मिळतो, हे मी मोजलेलं नाही. काच धरता येत नाही एवढं खरं. याच गटात रात्रपाळीही आहे. तेव्हा हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेनं जागणाऱ्या आणि पहाटे टपरीवर वाफाळता चहा पिणाऱ्या तरुणाला आपण कुठला जिल्हा सुचवणार? तो जगतो पुण्यात, झोपतो पुण्यात, पण घड्याळ टेक्ससचं. त्याची नोंद कुठल्या हवामानात करायची? आणि टेकडीवरून उतरल्यावर जो कोरफडीचा रस तुम्ही पिता, त्यातला अख्ख्या पानाचा अर्कही त्या संस्थेच्या 'कदाचित' गटात आहे. हे गट पुरावा किती पक्का ते सांगतात, धोका किती मोठा ते नाही. पण ही तळटीप फॉरवर्ड करताना गाळायची असते.

पहिल्या, म्हणजे शंभर टक्के खात्रीच्या गटात मात्र तंबाखू, दारू आणि सुपारी. नुसती सुपारीसुद्धा. मिझोराममध्ये तंबाखूचा धूर पाण्यात मुरवून ते पाणी तोंडात धरतात, त्याला 'तुइबुर' म्हणतात. हे ऐकून आपल्याकडे लोक हसतात. हसताना त्यांच्या गालात मावा असतो, आणि गावाकडच्या आजीच्या हिरडीवर मिशरी. तंबाखूची राष्ट्रीय पाहणी २०१६-१७ मध्ये झाली, तेव्हा मिझोराममध्ये ५८.७ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, महाराष्ट्रात २६.६. पुन्हा आपण खाली! चौघांत एक, हे काही फार नाही. शिवाय गुटख्यावर आपल्या राज्यात जुलै २०१२ पासून बंदी आहे. बंदी किती कडक आहे ते बघायचं असेल, तर कुठल्याही सरकारी इमारतीचा जिना चढताना कोपऱ्यात नजर टाका. मी स्वतः यातलं काही करत नाही. जेवणानंतर फक्त सुपारी, तीही घरी कातरलेली.

आता शेवटचा आणि सगळ्यात उपयोगी मुद्दा, पत्त्याचा. नोंदणीच्या नियमात तुम्ही एखाद्या भागाचे रहिवासी ठरता ते तिथे किमान एक वर्ष राहिलात तर. उपचाराला आलेल्या पाहुण्यांचे आकडे शहराच्या माथी पडू नयेत म्हणून ही काळजी. कागदावर नियम उत्तम आहे.

गेल्या महिन्यात मी शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात, तोंडाच्या विभागाबाहेर बसलो होतो. मी तिथे का होतो, हे लेखाच्या विषयात बसत नाही. गालाच्या आतला पांढरा चट्टा तीन महिने जात नव्हता, एवढंच. माझ्या पुढे एक गृहस्थ होते, टोपी मांडीवर, तोंडाला उपरणं. बरोबर पुतण्या. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, वय? 'एकावन्न.' पत्ता? गृहस्थांनी उपरणं जरा बाजूला केलं आणि गावाचं नाव सांगायला लागले. तालुका केज, जिल्हा बीडपर्यंत आले तेव्हा बाई म्हणाल्या, 'बाबा, इथला सांगा. पुढच्या तारखेचा फोन कुठे करायचा?' पुतण्यानं धनकवडीचा पत्ता दिला. 'इथं किती वर्षं?' दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

'लिहा की ताई, वर्ष झालं,' पुतण्या म्हणाला.

बाईंनी लिहिलं. मग त्यांनी माझा नंबर पुकारला. वय चोपन्न, पत्ता पुण्याचाच, जन्मापासून. सुपारी मी सोडली आहे. गेल्या मंगळवारपासून.