हॅम्बुर्गची फेरी आणि मोऱ्याची लाँच

मुंबई बंदराच्या जमिनीचं काय करायचं, हा आमच्या घरात दर काही महिन्यांनी पेटणारा वाद आहे. माझं माहेर उरणचं. मामा रे रोडला राहतो, बंदराच्या जमिनीवरच्या जुन्या इमारतीत भाडेकरू म्हणून. ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंतचा पूर्व किनारा, शेकडो हेक्टर जमीन, मुंबई बंदराच्या मालकीची आहे. १९८९ मध्ये न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं आणि कंटेनर खाडीपलीकडे, आमच्या बाजूला आले. मुंबईच्या जुन्या गोद्यांमधलं काम आटत गेलं. २०१४ मध्ये केंद्राने नेमलेल्या राणी जाधव समितीने ही जमीन शहराला खुली कशी करता येईल यावर अहवाल दिला. तेव्हापासून मरीना म्हणजे हौशी नौकांचा तळ, बागा, उंच इमारती अशी चित्रं वर्तमानपत्रांतून येत राहिली. घरातली तरुण मंडळी म्हणतात, एकदाचं सिंगापूर करून टाका. मामा म्हणतो, माझी खोली कुठे जाणार ते आधी सांगा.

मी जर्मनीत नोकरी करते, हॅम्बुर्गपासून दूर. तिथे गेले ती एकटीच, सुट्टीच्या दिवशी, आणि हा वाद डोक्यात घेऊनच. बंदराचं शहर पहिल्यांदा बघायचं असेल तर सोबत कुणी नसलेलं बरं, असं माझं मत झालंय. कुठे थांबायचं, कुठल्या धक्क्यावर उतरायचं, हे कुणाला विचारावं लागत नाही आणि माणसं कशी ये-जा करतात ते नीट दिसतं.

लांडुंग्सब्रुकेन हा तिथला मुख्य धक्का. एल्ब नदीवर, समुद्रापासून सुमारे १०० किलोमीटर आत. तरीही इथे भरती-ओहोटी येते आणि पाण्याच्या पातळीत साडेतीन मीटरहून जास्त फरक पडतो. धक्का मात्र पाण्यावर तरंगणारा आहे. मोठमोठे पोकळ तराफे ओळीने जोडलेले, किनाऱ्याशी बिजागरीच्या पुलांनी बांधलेले. पाणी वर आलं की धक्का वर, खाली गेलं की खाली. बोटीची कड आणि धक्का कायम एका पातळीत. म्हाताऱ्या बायका चाकाची पिशवी ओढत सरळ आत जात होत्या, एक जण सायकल घेऊन चढला, एका आईने बाबागाडी ढकलत नेली.

हे बघताना मला उरणचं मोरा बंदर आठवणं साहजिक होतं. मोरा ते भाऊचा धक्का हा आमच्या कॉलेजचा रस्ता. ओहोटीला मोऱ्याला गाळ उघडा पडतो, पाणी पुरेसं नसतं आणि लाँच बंद ठेवाव्या लागतात. परीक्षा असो, दवाखाना असो, पाणी येईपर्यंत थांबायचं. भाऊचा धक्का १८४१ चा. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, म्हणजे भाऊ रसूल, यांनी बांधून घेतलेला. त्या काळात एका माणसाने प्रवाशांची पायपीट आणि चिखल बघून धक्का उभा केला. आज गाळ काढून तरंगता धक्का बसवणं हे काही अवघड शास्त्र नाही. हॅम्बुर्गही सतत गाळ काढतं. एल्ब गाळ आणतेच, आणि नदी खोल करण्यावरून तिथेही पर्यावरणवाद्यांनी वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या केल्या. पण रोजच्या प्रवाशाला बोट मिळते.

मी ६२ नंबरची बोट पकडली, फिन्केनवेर्डरला जाणारी. तिचं वेगळं तिकीट नाही. शहराची बस, भुयारी रेल्वे, लोकल आणि ही बोट एकाच तिकिटावर चालतात. देशभर चालणारा महिन्याचा पास, जो २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झाला आणि पुढे महागला, तोही चालतो. वरच्या डेकवर पर्यटक आणि खाली कामावर जाणारी माणसं, अशी ती बोट. मध्ये ओवेलग्योनेला उतरले. तिथे नदीकाठी वाळू आहे, समोर कंटेनरच्या क्रेन, आणि कुत्री फिरवणारी माणसं. काठावर एक अजस्र पाषाण पडलाय, २१७ टनांचा, हिमयुगात स्वीडनकडून वाहत आलेला. १९९९ मध्ये नदी खोल करताना सापडला. मुलं त्याच्याभोवती खेळत होती. वीस मजली इमारतीएवढं जहाज समोरून जात असताना मी वाळूत बसून ब्रेडमधला मासा खाल्ला. एकट्या बाईने इतका वेळ इथे काय करावं, असं कुणाच्या नजरेत नव्हतं. मुंबईत असं बसायची सवय मला मरीन ड्राइव्हने लावली. पूर्व किनाऱ्यावर मात्र कुलाब्याहून शिवडीपर्यंत जायचं तर बहुतेक भिंत, फाटक आणि पहारेकरीच भेटतात. मुंबईचा अर्धा समुद्र मुंबईकरांनी पाहिलेलाच नाही, आणि बायकांनी तर नाहीच.

दुपारी जुन्या एल्ब बोगद्यातून चालत गेले. १९११ चा आहे, नदीखालून जाणारा, पृष्ठभागापासून सुमारे २४ मीटर खोल, ४२६ मीटर लांब. गोदी कामगारांना पलीकडच्या जहाजबांधणीच्या कारखान्यांत पोचता यावं म्हणून बांधला, कारण धुक्यात आणि बर्फात वाफेच्या बोटी अडायच्या. भिंतीवर मासे, खेकडे यांची चिनीमातीची चित्रं आहेत. मजुरांसाठी बांधलेली गोष्ट इतक्या निगुतीने सजवावी, याचं मला फार कौतुक वाटलं. पायी आणि सायकलवाल्यांना आजही पैसे पडत नाहीत. शिवडीहून आमच्याकडे येणारा अटल सेतू २०२४ च्या जानेवारीत खुला झाला, २१.८ किलोमीटरचा. पूल उत्तम आहे, घरी जाताना मीही टॅक्सीने त्यावरून गेलेय. पण दुचाकी आणि रिक्षाला त्यावर बंदी आहे आणि खुला झाला तेव्हा मोटारीला एका फेरीचा टोल २५० रुपये होता. उरणमधली बहुतेक कुटुंबं दुचाकीवर फिरतात. त्यांच्यासाठी पाण्याचा रस्ता अजूनही लाँचचाच आहे.

इथवर वाचून कुणी म्हणेल, झालं, परदेशात गेली आणि तिथलं सगळं गोड लागायला लागलं. म्हणून संध्याकाळचंही सांगते.

श्पायशरश्टाट ही लाल विटांची गोदामं, मधून कालवे. २०१५ पासून जागतिक वारसा. कॉफी, मसाले, गालिचे इथे साठवले जात. १८८३ पासून ही गोदामं बांधायला घेतली तेव्हा त्या जागेवरच्या सुमारे २०,००० लोकांना उठवलं होतं. ते वाचून मला शेवा कोळीवाडा आठवला. न्हावा-शेवा बंदरासाठी हे गाव हलवून हनुमान कोळीवाडा म्हणून वसवलं गेलं, आणि पुनर्वसनाचं तिथल्या लोकांचं गाऱ्हाणं अजून संपलेलं नाही. जवळच हाफेनसिटी आहे, १५७ हेक्टरवर जुन्या गोद्यांच्या जागी वसवलेली नवी वस्ती. १९६२ च्या पुरात हॅम्बुर्गमध्ये ३१५ माणसं गेली, त्यामुळे इथल्या इमारती समुद्रपातळीपासून आठ-नऊ मीटर उंचावर उभ्या आहेत. पाण्याकाठची वाट सगळ्यांना खुली आहे, पण घरं साध्या पगाराच्या माणसाला परवडतील अशी फार थोडी. टोकाला एल्बफिलहार्मोनी, जुन्या कोको-तंबाखूच्या गोदामावर चढवलेलं काचेचं संगीतगृह. २०१७ मध्ये उघडलं तोवर खर्च ८६६ दशलक्ष युरोवर गेला होता, त्यातला बहुतांश जनतेच्या पैशातला. ३७ मीटरवरच्या सज्जात जायचं तिकीट मला त्या दिवशी फुकट मिळालं आणि तिथून बंदर सुंदर दिसलं. तरी घरातल्या तरुण मंडळींना हाच फोटो पाठवावा असं काही मला वाटलं नाही.

मी फोटो पाठवला तो सांक्ट पाउली या वस्तीतल्या टेकाडावरच्या एका छोट्या बागेचा. पार्क फिक्शन तिचं नाव. बंदराकडे बघणाऱ्या त्या शेवटच्या मोकळ्या उतारावर इमारती येणार होत्या. १९९० च्या दशकात वस्तीतल्या लोकांनी त्याला विरोध केला आणि नुसता विरोध न करता बाग कशी हवी याचा आराखडा स्वतः घरोघरी फिरून तयार केला. २००५ मध्ये बाग झाली. पत्र्याची ताडाची झाडं, लाटेसारखी हिरवळ, खाली जहाजांची गोदी. तिथे संध्याकाळी वस्तीतली पोरं बास्केटबॉल खेळत होती.

मामाला फोन लावला. सगळं ऐकून घेतलं त्याने.

"छान आहे गं. पण तुझ्या त्या बागवाल्यांना कुणी विचारलं तरी. आम्हाला चित्र दाखवतात, त्यात आमची इमारतच नसते."

हेच मला म्हणायचंय. वादाचे दोन पक्ष घरात जसे मांडले जातात, तसे नाहीतच. किनारा खुला व्हावा आणि मामाची खोली राहावी, या दोन मागण्या एकमेकींविरुद्ध नाहीत. त्यांना विरुद्ध करतो तो आराखड्याचा क्रम: आधी इमारती, मग मरीना, आणि माणसांची ने-आण उरलीसुरली. २०२२ मध्ये बेलापूरहून वॉटर टॅक्सी सुरू झाल्या, पण भाडं असं की रोज कामावर जाणाऱ्याला त्यात बसणं शक्य नव्हतं. कोचीने २०२३ पासून वॉटर मेट्रो चालवून दाखवली, तीही बेटांवरच्या सामान्य लोकांसाठी. म्हणजे हे जर्मनांनाच जमतं असं नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये 'मुंबई वन' अ‍ॅप आलं तेव्हा लोकल, मेट्रो आणि बेस्ट एका तिकिटात आल्या, भाऊच्या धक्क्याच्या लाँच बाहेर राहिल्या.

तेव्हा क्रम उलटा करावा. मोऱ्याला आणि अलिबागच्या बाजूच्या रेवसला तरंगता धक्का आणि बारमाही गाळ उपसा, लाँच त्या एका तिकिटात, भाऊच्या धक्क्यापासून शिवडीच्या खाडीपर्यंत चालायला वाट, आणि बंदराच्या जमिनीवर राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला त्याच वॉर्डात घर देण्याचं लेखी वचन. मरीनाची निविदा काढायची असेल तर ती यानंतर काढा.