गाडी विजेवरची, पण वीज कोणत्या वेळची?

विजेवर चालणाऱ्या गाड्यांवर समाजमाध्यमांत वाद सुरू झाला की दोन वाक्ये ठरलेली असतात. एक बाजू म्हणते की ही गाडी प्रदूषण करतच नाही, आणि दुसरी बाजू म्हणते की वीज तर कोळशाचीच, मग उपयोग काय? दोन्ही बाजू वीज ही दिवसभर एकाच ठिकाणाहून येणारी, एकाच जातीची वस्तू आहे असे धरून चालतात. प्रत्यक्षात दुपारी एक वाजता आपल्या घरात येणारी वीज आणि रात्री नऊ वाजता येणारी वीज यांची कुळे वेगळी असतात. माझे म्हणणे एवढेच आहे की कोणती गाडी घ्यावी यावर आपण जितका विचार करतो, त्याच्या निम्मा तरी विचार ती कोणत्या वेळी आणि कुठे चार्ज होते यावर करायला हवा.

कोळशाचा आक्षेप आधी घेऊ, कारण तो निव्वळ खोडसाळपणा नाही. देशातील बिगर-जीवाश्म स्रोतांची (सौर, पवन, जल, अणू) स्थापित क्षमता 2025 च्या मध्यावर एकूण क्षमतेच्या निम्म्यावर पोहोचली, ही बातमी सगळ्यांनी वाचली. पण क्षमता, म्हणजे किती वीज बनू शकते, आणि प्रत्यक्ष निर्मिती या निराळ्या गोष्टी आहेत, आणि निर्मितीत कोळशाचा वाटा अजून 70 टक्क्यांच्या आसपास आहे. सरासरी काढली तर आपल्या ग्रीडवरील, म्हणजे देशाच्या वीजजाळ्यावरील, एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. विजेवरची स्कूटर 100 किलोमीटरला साधारण तीन युनिट खाते; वहनातील आणि चार्जिंगमधील गळती धरली तरी हिशेब अडीच-पावणेतीन किलोच्या आसपास राहतो. तेवढ्याच अंतराला पेट्रोलची स्कूटर दोन लिटरहून थोडे अधिक पेट्रोल पिते आणि लिटरमागे सुमारे 2.3 किलो, म्हणजे पाच किलोच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड सोडते. म्हणजे आजच्या कोळसाबहुल ग्रीडवरही स्कूटरचा फायदा स्पष्ट आहे. मोटारीत तो कमी होतो, मोठी बॅटरी असलेल्या जड मोटारीत आणखी कमी होतो, आणि पूर्ण आकाराची वातानुकूलित बस रात्रीच्या विजेवर चार्ज होत असेल तर कार्बनच्या हिशेबात डिझेल बसच्या तुलनेत फारसे काही हाती लागत नाही. बससाठी इतर कारणे भक्कम आहेत: शहरातल्या रस्त्यावरचा धूर आणि आवाज जातो, आणि एका बसमध्ये पन्नास माणसे बसतात. पण कार्बन वाचला असे म्हणायचे असेल तर घड्याळाकडे पाहावेच लागेल.

धूर जातो म्हणजे कुठे जातो, हेही बोलायला हवे. पुण्या-मुंबईच्या रस्त्यावरून हटलेल्या धुराचा एक भाग चंद्रपूरला जातो. तिथल्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता 2,920 मेगावॉट आहे, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्येच चंद्रपूरला अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांच्या यादीत टाकले होते. जुलै 2022 मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी परिसरात पसरले. आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्रभर लावलेल्या गाडीचे टाकाऊ कुठेतरी साठतेच, आणि ते विदर्भात साठते. पश्चिम महाराष्ट्रात बसून स्वच्छ ऊर्जेवर बोलताना आपण हे सोयीस्करपणे गाळतो.

आता वेळेचा मुद्दा. दुपारी सौर वीज इतकी येते की औष्णिक संचांना आपली निर्मिती खाली आणावी लागते. पण हे संच ठरावीक मर्यादेखाली नेता येत नाहीत, त्यामुळे कधी कधी सौर प्रकल्पांनाच थांबायला सांगावे लागते. संध्याकाळी सूर्य मावळतो आणि नेमकी तेव्हाच घराघरांतली मागणी चढते. ही चढण पेलण्यासाठी आपल्याकडे कोयना आहे, 1,960 मेगावॉटची. परंतु तिच्या पाण्याला कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली आहे, म्हणून ते पाणी तासांचा हिशेब करूनच वापरावे लागते. घाटघरचा 250 मेगावॉटचा उदंचन प्रकल्प रात्रीच्या शिल्लक विजेवर पाणी वर चढवायचे आणि गरजेच्या वेळी खाली सोडायचे, या कल्पनेवर उभारला गेला. आज शिल्लक वीज रात्रीची राहिली नसून दुपारची झाली आहे. नोकरदार माणूस मात्र संध्याकाळी सातला घरी येतो, चप्पल काढतो आणि चार्जर लावतो. लाखो गाड्यांनी हेच केले तर कोयनेचे पाणी आणि चंद्रपूरचा कोळसा यांवरचाच भार वाढेल.

वापराची वेळ बदलणे व्यवहारात जमत नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्याने शेतकऱ्यांकडे पाहावे. महाराष्ट्रात कृषिपंपांना वर्षानुवर्षे चक्राकार पद्धतीने वीज मिळत आली: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. रात्रीच्या पाळीत उसाला पाणी धरायला जाणे म्हणजे काय, हे जुन्नर, आंबेगाव, शिरूर या बिबट्यांच्या तालुक्यांत कोणालाही विचारा. सापाची भीती तर सगळीकडेच. दिवसा वीज द्या ही मागणी त्यामुळे फार जुनी आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये आली, राळेगणसिद्धी हे तिच्या सुरुवातीच्या गावांपैकी एक, आणि 2023 मध्ये तिची दुसरी आवृत्ती सुरू झाली. कल्पना साधी आहे. गावाच्या उपकेंद्राजवळ काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा, त्याची वीज त्याच उपकेंद्रावरच्या शेतीच्या फिडरला (वीजवाहिनीला) द्यायची, आणि पंप दिवसा चालवायचे. जागा मिळवण्यात अडचणी आहेत, कामे रखडतात, दुपारी ढग आले की तक्रारी होतात. तरीही इथे मागणीला सूर्याच्या वेळापत्रकावर आणले जात आहे, आणि हे काम आपल्याकडे शेतीने आधी सुरू केले, शहरांनी नव्हे. शहरी सुशिक्षित वर्गाला ही योजना अनुदानाची बातमी म्हणून माहीत आहे. ऊर्जा नियोजनातील धडा म्हणून ती फार कमी जणांनी पाहिली, आणि मला हे आपल्या शहरी चर्चेचे सर्वात मोठे वैगुण्य वाटते.

शहरातली गाडी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या वेळात कार्यालयाच्या, महाविद्यालयाच्या किंवा रेल्वे स्थानकाच्या वाहनतळावर उन्हात उभी असते. चार्जर हवा तो तिथे. तो जलदगती, लाखो रुपयांचा असण्याचीही गरज नाही. आठ-नऊ तास उभ्या राहणाऱ्या स्कूटरला साधा 15 अँपिअरचा सॉकेट आणि मोजणी करणारा मीटर पुरतो. राज्याचे 2025 चे विद्युत वाहन धोरण आले तेव्हा समृद्धी महामार्ग, द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवरच्या टोलमाफीची जेवढी चर्चा झाली, तिच्या तुलनेत या साध्या सॉकेटविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. तो फोटोत चांगला दिसत नसावा.

छतावर सौर पॅनेल बसवलेल्यांचाही येथे एक गोड गैरसमज असतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या पॅनेलला 78 हजार रुपयांचे अनुदान मिळते, आणि ते घ्यावेच. पण नेट मीटरिंगमध्ये दुपारची वीज ग्रीडला देऊन रात्री तेवढीच परत घेतली जाते, तेव्हा कागदावर गाडी सूर्यावर चालते आणि वस्तुतः ती बऱ्याच अंशी कोळशावर चालते. घरात दुपारी कोणी असेल आणि गाडीही असेल, तर ती दुपारीच लावावी. बिलात फरक नसला तरी.

अर्थात बिलात फरक पडल्याशिवाय बहुतेकांची सवय बदलणार नाही. केंद्राने 2023 मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून सौर तासांत दर कमी आणि मागणीच्या तासांत जास्त ठेवण्याचे तत्त्व आणले. त्यासाठी स्मार्ट मीटर लागतो, आणि स्मार्ट मीटरला आपल्याकडे मोठा विरोध झाला. त्या विरोधातील बिल वाढण्याची भीती आणि न विचारता मीटर बसवल्याचा राग मला समजतो. वीज कंपन्यांनी लोकांशी नीट बोलण्याचे कष्ट घेतले असते तर निम्मा विरोध टळला असता. पण जुन्या मीटरला दुपार आणि रात्र यांतला फरक कळत नाही, हेही खरे आहे.

एसटीने 1 जून 2022 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली ‘शिवाई’ ही विजेवरची बस सोडली, ज्या मार्गावर 1948 मध्ये पहिली एसटी धावली होती. आता अशा बसेस वाढत जातील. सकाळच्या आणि संध्याकाळच्या गर्दीच्या मध्ये दुपारी शहर बससेवेतील बऱ्याच गाड्या आगारात उभ्या असतात, तेव्हा त्यांचे चार्जिंग दुपारी करण्याची अट कंत्राटातच घालता येईल. आगारांना मोठी छपरे आहेत. त्यांवर पॅनेल बसवण्यासाठी कोणाची जमीन घ्यावी लागत नाही. घरपोच सामान पोहोचवणाऱ्या मुलांना मात्र दुपारी गाडी उभी ठेवून चालत नाही, कारण त्यांचा धंदाच जेवणाच्या वेळेचा. त्यांच्यासाठी बॅटरी बदलून देणारी केंद्रे हाच मार्ग आहे, आणि अशा केंद्रांना सवलतीचा दर देताना महापालिकेने आणि वीज नियामक आयोगाने एवढेच पाहावे की रॅकवरच्या बॅटऱ्या अकरा ते चार या वेळात भरल्या जातात की नाही.