लोनबरोबरचा इन्शुरन्स म्हणजे घराचा इन्शुरन्स नव्हे

दादा, एवढं सविस्तर लिहिलंत, देव बरें करूं. तुमचं म्हणणं असं की होम लोन देताना बँकेने इन्शुरन्स काढायला लावलाच, त्यात पूर येतो, मग पुरासाठी घराचा वेगळा इन्शुरन्स काढा असं सांगून मी लोकांना उगाच भिववतोय आणि एजंटांचा धंदा वाढवतोय. मी एजंट नाही, कोणाचं कमिशन खात नाही. पण बँकेच्या मुद्द्यावर बोलायलाच हवं, कारण माझे मामाही हेच धरून बसले होते.

मामांचं घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, म्हादई नदीपासून जवळ. २३ जुलै २०२१ ला पाणी आत शिरलं, फ्रीज आडवा, तांदळाची पोती भिजून गेली, कपाटं फुगली. पाणी ओसरल्यावर फाईल काढली तर तो कागद मामांच्या जीवाचा निघाला! म्हणजे मामांचं काही बरंवाईट झालं तर कर्ज फिटणार, घराला एक पैसा नाही. प्रीमियम लोनमध्येच जोडलेला, त्यामुळे आमच्यातल्या कोणी तो कागद कधी वाचलाच नव्हता. मग सरकारी मदतीसाठी मामलेदार ऑफिसात खेपा. मामी तेव्हा काही बोलली नाही, नुसती बसून होती, ते मला अजून आठवतं.

आता पुराचं. तुमचं बरोबर आहे, पण पॉलिसी खरंच घराची असेल तर. १ एप्रिल २०२१ पासून घरासाठी 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक पॉलिसी आहे, तिच्यात पूर, वादळ, दरड मुळातच धरलेलं आहे. बिल्डिंगचं कव्हर घेतलं की सामानाला आपोआप त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, म्हणजे २५ लाखांच्या बिल्डिंगला सामानाचे ५ लाख. रक्कम बांधकामाच्या खर्चावर धरतात, जमिनीची किंमत त्यात नसते. दागिन्यांचं कव्हर मात्र वेगळं मागून घ्यावं लागतं, गाडी यात येत नाही, नदीने काठ खाऊन भिंत खचली किंवा वर्षानुवर्षांच्या ओलीने गिलावा पडला तर क्लेम मिळत नाही. भाड्याने राहणाऱ्यांना नुसतं सामानाचंही घेता येतं.

आणि "आमच्या वाड्यावर पाणी येत नाही" म्हणालात, तर ऑगस्ट २०१९ ला तिळारी धरणाचं पाणी सोडलं तेव्हा साळ गावात पाणी कसं घुसलं ते तिथल्या कोणालाही विचारा.

तुमच्या कागदावर वर कोणाचं नाव आहे, घराचा पत्ता आहे का आणि रक्कम लोनएवढीच आहे का, एवढं बघून इथे लिहा, पॉलिसी नंबर नको. मी वाचून सांगतो.