'सुईत दोरा ओवलाय का कधी?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या डागडुजीवरच्या माझ्या लेखाखाली 'एक जुना वाचक' लिहितात: "दुसऱ्या प्रतीतली पानं आपल्या प्रतीत घालणं ही शुद्ध लबाडी. तिचं कौतुक करणाऱ्याने कधी सुईत दोरा तरी ओवलाय का?" पुढे ग्रेंजर, धुतलेली पानं, किमती आणि माझं शुद्धलेखन यांचाही समाचार घेतलाय.

जेम्स ग्रेंजर या इंग्रज चरित्रकारावर माझ्या लेखात एकच ओळ होती, हे मान्य. १७६९ साली त्याचा चरित्रग्रंथ आला आणि लोक इतर पुस्तकांतली चित्रं कापून त्यात डकवू लागले. त्यावर स्वतंत्र लेख हवा.

आता सुई-दोरा. महोदय, माझे वडील बाइंडर होते. शाळेच्या सुट्ट्यांत इतर पोरं क्रिकेट खेळायची तेव्हा मी मोरचूद घालून खळ शिजवत होतो. जुजबंदी, म्हणजे पानांचे जुज दोऱ्याने शिवून पुस्तक बांधणं, कशाला म्हणतात ते मला कोणी शिकवू नये. गिऱ्हाईक फाटकी पोथी आणायचं, मधली पानं गायब. वडील तेवढे कोरे कागद घालून शिवायचे. काही जण गहाळ मजकूर कोणाकडून तरी उतरवून घ्यायचे. त्यांना लबाड म्हणायची तुमची हिंमत आहे? समोरासमोर तुम्ही असं बोलला नसता, पण टोपणनावाआड सगळेच शूर असतात.

लंडनमध्ये १९व्या शतकात हेच मोठ्या प्रमाणावर चाललं. संग्राहकाला पुस्तक पूर्ण आणि स्वच्छ हवं असायचं. मग पानं धुवायची, सरसाचा हात द्यायचा, कडा कापायच्या, जुनी बांधणी फेकून नवं मोरोक्को, म्हणजे बकऱ्याचं चामडं, चढवायचं. हरवलेलं पान दुसऱ्या मोडक्या प्रतीतून आणायचं, नाहीतर जॉन हॅरिस या नक्कलकाराकडून हाताने काढून घ्यायचं. त्याचं काम इतकं हुबेहूब की ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात अस्सल पान कोणतं हेच कळेना. शेवटी त्याने आपल्या पानांवर खूण करावी असं ठरलं. लबाड माणूस अशी खूण करतो का?

लबाड बघायचा तर टॉमस वाइज हा इंग्रज ग्रंथसंग्राहक बघा. त्याने म्युझियमच्याच जुन्या नाटकांतली पानं चोरून स्वतःच्या प्रती पूर्ण केल्या, काही शिकागोच्या रेन या संग्राहकाच्या प्रतींतही घातली. डेव्हिड फॉक्सन या ग्रंथ-अभ्यासकाने १९५०च्या दशकात ते उघड केलं, तेही चोरलेल्या पानांवरची शिलाईची भोकं उरलेल्या प्रतींशी जुळवून. सुई-दोऱ्याचा मुद्दा तुम्हीच काढलात, म्हणून सांगितलं. हॅरिस आणि वाइज यांना एकाच दावणीला बांधायचं असेल तर खुशाल बांधा, माझ्या लेखात ते झालेलं नाही.

पानं धुताना जुन्या वाचकांच्या नोंदी गेल्या, म्हणता. गेल्या. तेव्हा त्यांना डागच समजत. किमतींचं मला विचारू नका, मी विक्रेता नाही. शुद्धलेखनाच्या चुकांची यादी पाठवा. आणि पुढच्या वेळी खऱ्या नावाने लिहा, मी माझ्याच नावाने लिहितो.