चार इंच मिळवा, पट्टे आवळा: मोठ्या छातीच्या ब्राबद्दलचा फिरता सल्ला

‘मोठी छाती असलेल्यांनी ब्रा कशी घ्यावी’ अशा मथळ्याचा एक मजकूर फोनवरून फोनवर फिरत असतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, सल्ले तेच: छातीखालच्या मापात ४ इंच मिळवा, डीच्या पुढचे कप क्वचितच कुणाला लागतात, ओझं जाणवलं की खांद्याचे पट्टे आवळा, कप वरून मोकळा दिसला तर लहान घ्या, वायर नको, तिने कॅन्सर होतो, झोपतानाही ब्रा घाला, नाहीतर छाती ओघळते. यातला पहिला सल्ला अर्धवट खरा आहे, आणि तोच सगळ्यात जास्त घोळ घालतो.

‘छातीखालच्या मापात ४ मिळवा, तो बँड’

आकडे घेऊनच बघू. छातीखालचा घेर ३२ इंच, छातीच्या सगळ्यात भरलेल्या जागी ४० इंच. मजकुराच्या हिशेबाने ३२ अधिक ४ म्हणजे बँड, छातीखालून पाठीकडे जाणारा पट्टा, ३६. ४० वजा ३६ म्हणजे ४, कप डी. आली ३६डी. आता हीच गोष्ट मिळवणी न करता: बँड ३२, फरक ८ इंच. ब्रिटिश पद्धतीत दर इंचाला एक कप पुढे सरकतो: ए, बी, सी, डी, डीडी, ई, एफ, एफएफ. आठवा एफएफ, म्हणजे ३२एफएफ. दोन्हींत फक्त बँडचा फरक आहे असं वाटेल, पण तसं नाही. बँड एक पायरी खाली आला की तेवढाच कप राखायला अक्षर एक पायरी वर न्यावं लागतं. ३६डी, ३४डीडी आणि ३२ई हे तिन्ही कप आकारमानाने सारखेच. म्हणजे मजकुराची ब्रा बँडला सैल आणि कपाला दोन पायऱ्या लहान. सैल बँड पाठीत वर चढतो, पुढची बाजू तेवढीच खाली येते, आणि जे कपात मावत नाही ते काखेत आणि गळ्याशी फुगतं.

पोर्ट्समथ विद्यापीठात २०१२ साली टेपचं पारंपरिक माप आणि अंगावर घालून पाहिलेलं फिटिंग यांची तुलना झाली. टेपने बहुतेकींचा बँड मोठा आणि कप लहान काढला होता.

अर्धवट खरं कुठे? काही लेबलांवर ही मिळवणी आधीच झालेली असते. युरोपीय मापांत ७०, ७५, ८० हे आकडे म्हणजे छातीखालचा घेर, सेंटिमीटरमध्ये, काहीही न मिळवता. तिथे कप दर २ सेंटिमीटरला बदलतो. पण त्याच लेबलावर ७५ शेजारी ३४ छापलेलं दिसतं, आणि ७५ सेंटिमीटर म्हणजे जेमतेम साडेएकोणतीस इंच, म्हणजे ३४ मध्ये चारेक इंच आधीच मिळवलेले. अशा ब्रात मिळवणीचा हिशेब जुळूही शकतो. अमेरिकी अक्षरं आणखी वेगळी चालतात: तिथला जी हा ब्रिटिश एफ. म्हणून ३२एफएफ हा निकाल समजू नये, सुरुवात समजावी. लेबलावर विश्वास ठेवण्याआधी बँड हाताने ताणून टेपवर धरा. जोर न लावता तो जिथवर सहज ताणला जातो, ते माप तुमच्या बरगड्यांच्या घेराच्या आसपास हवं. चार इंच जास्त भरलं तर आकडा काहीही असो, तो बँड तुमचा नाही.

मापं घेतानाही मोठ्या छातीला एक जास्तीची पायरी लागते. छातीखाली टेप सपाट, पाठीमागे आडवी, श्वास सोडून, सरकणार नाही इतकी घट्ट. वरचं माप पॅड नसलेल्या पातळ ब्रावर किंवा ब्राशिवाय, दोनदा: एकदा ताठ उभं राहून, एकदा कमरेत काटकोनात वाकून. जड आणि खाली झुकलेल्या छातीचं उभ्याने घेतलेलं माप कमी भरतं, वाकून घेतलेलं जास्त. दोन्हींत दोनेक इंचांचं अंतर असेल तर सरासरी धरा.

‘डीच्या पुढे फारच मोठं’

अक्षर एकटं काही सांगत नाही. २८डी आणि ४०डी समोरासमोर ठेवले तर एक दुसऱ्याच्या आत सहज बसेल. डी म्हणजे फक्त ४ इंचांचा फरक. बरगड्या बारीक आणि छाती भरलेली असेल तर जी, जीजी, एच ही अगदी साधी मापं आहेत.

‘पट्टे आवळले की आधार मिळतो’

वजन बँडने उचलायचं असतं. पट्ट्यांचं काम कपाचा वरचा काठ अंगाला लावून ठेवणं, एवढंच. बँड सैल असताना पट्टे आवळले की ते पाठीमागून बँडला आणखी वर ओढतात, पुढचं आणखी खाली जातं, मग पट्टे पुन्हा आवळावे लागतात. खांद्यात खाचा पडतात त्या या फेऱ्यातून. रुंद, गादीचे पट्टे घेतले तर खाच रुंद होते, इतकंच. बँड तसाच सैल राहतो.

बँड तपासायची सोपी युक्ती: ब्रा उलटी घाला, म्हणजे कप पाठीकडे आणि हुक पुढे. आता छाती मध्ये येत नाही, फक्त बँड कळतो. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर घट्ट पण सुसह्य बसली पाहिजे. आतले हुक इलॅस्टिक ढिलं पडेल तेव्हासाठी असतात. इथे ठीक वाटणारा बँड नीट घातल्यावर काचत असेल, तर दोष बहुतेक वेळा कपाचा असतो. लहान कप बँडमधली लांबी खातो. अशा वेळी बायका बँड वाढवतात आणि गाडी पुन्हा ३६डीवर येते.

‘कप वरून मोकळा, म्हणजे मोठा झाला’

हा सल्ला सगळ्यात पटणारा, आणि बरेचदा नेमका उलटा. अरुंद पेल्याच्या तोंडावर मोठा चेंडू ठेवा. तो काठावरच अडकतो, तळाशी पोकळी राहते. लहान किंवा उथळ कपात छाती अशीच वायरच्या वर अडकते. कपाच्या तळाशी सुरकुत्या पडतात, वायर छातीखालच्या घडीत न बसता बोटभर खाली सरकते, आणि वरचा काठ सुटा दिसतो. यावर आणखी लहान कप म्हणजे आणखी लहान पेला.

निवाडा करण्याआधी छाती कपात नीट भरा. हुक लावून पुढे वाका, वायर घडीत टेकवून एका हाताने धरा, विरुद्ध बाजूचा हात कपात घालून काखेकडचा सगळा मांसल भाग पुढे आणि वर ओढून घ्या. दोन्ही बाजूंना. मग सरळ उभं राहून बघा. दोन कपांच्या मधली पट्टी छातीच्या हाडाला टेकते का? वायरचं बाहेरचं टोक छातीच्या मागे, काखेच्या मध्यरेषेकडे आहे, की छातीवरच रुतलंय? काठावर दुसरी छाती फुगल्यासारखी दिसते का? मधली पट्टी तरंगत असेल तर कप एक-दोन अक्षरं वाढवून बघा, बँड तोच ठेवून.

एवढं करूनही वर पोकळी राहिली तर आकार जुळत नाहीये. छाती खालच्या बाजूला भरलेली असेल तर उंच, बंद काठाचे कप वर रिकामेच राहणार. कमी उंचीचा काठ किंवा वर ताणली जाणारी लेस हवी. साच्यातले फोमचे कप उथळ वाटीसारखे असतात, पुढे आलेल्या जड छातीला ते क्वचितच बसतात. तीन-चार तुकडे जोडून शिवलेला कप, त्यात काखेकडून येणारी एक उभी आतली पट्टी, हे दिसायला जुनाट, पण शिवणीमुळे कपाला खोली मिळते आणि बाजूची पट्टी छाती समोर आणते. टी-शर्टाखाली शिवण थोडी दिसते. आमच्या मते तो सौदा परवडतो.

‘वायरने कॅन्सर होतो’

ही समजूत पसरवण्यात १९९५ साली आलेल्या एका पुस्तकाचा मोठा वाटा आहे. पुढे अमेरिकेत सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कॅन्सर संशोधन केंद्राने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रजोनिवृत्ती झालेल्या बायकांत वायर, कपाचा साइज, दिवसातले तास, घालायला सुरुवात केल्याचं वय हे सगळं तपासलं गेलं. स्तनाच्या कॅन्सरशी संबंध आढळला नाही. वायर टोचते ती मापामुळे: काखेत टोचली तर कप लहान किंवा वायर फार उंच, मधोमध टोचली आणि दोन्ही स्तन जवळजवळ असतील तर मधली पट्टी ठेंगणी असलेला प्रकार घ्या. वायर नकोच असेल तर रुंद बँड आणि शिवलेले कप बघा.

‘रात्रीही घाला’

छाती ओघळते ती त्वचा आणि आतले तंतू ताणल्याने. वय, वजनातले चढउतार, गरोदरपणांची संख्या, धूम्रपान यांचा त्यात हात असतो. झोपेत ब्रा घातल्याने ते थांबतं याला आधार नाही. जड छाती कुशीवर झोपताना ओढली जात असेल तर वायर नसलेली मऊ ब्रा आरामासाठी जरूर घाला. मात्र छातीखालची घडी रात्रंदिवस घामाने ओली राहिली की तिथे लाली, खाज आणि बुरशी धरते. आंघोळीनंतर तो भाग पूर्ण कोरडा होऊ द्या, मगच ब्रा घाला.

मजकुरात एक गोष्ट कुठेच नसते: बँड किती टिकतो. एकच ब्रा रोज घातली की इलॅस्टिकला आकसायला वेळ मिळत नाही, म्हणून दोन-तीन आलटून पालटून वापराव्यात. थंड पाण्यात, हुक लावून, जाळीच्या पिशवीत. ड्रायर नाही, पिळणं नाही. सुकवताना पट्ट्याने टांगू नका, ओल्या कपांच्या वजनाने पट्टा लांबतो. मधल्या पट्टीवरून दोरीवर टाका. सगळ्यात आतल्या हुकावरही बँड पाठीत चढायला लागला की ती ब्रा संपली, कप कितीही नवे दिसोत.