निष्ठा काय ती पोरांनीच दाखवायची?

आमच्या नेब्रास्का युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) डिलन रायोला आम्हाला सोडून ओरेगन युनिव्हर्सिटीला गेला त्याचं सुतक आमच्या ओमाहा-लिंकन पट्ट्यात अजून फिटलेलं नाही. न्हाव्याकडे जा, किराणा दुकानाच्या रांगेत उभे राहा, ऑफिसात कॉफी भरा, सगळीकडे एकच पालुपद: ‘आजकालच्या पोरांना निष्ठा म्हणून नाही.’ मी स्वतः कट्टर हस्कर्सवाला, म्हणजे नेब्रास्काच्या टीमचा भक्त. शनिवारचं कुणाचं बारसं असलं तरी आधी किकऑफ किती वाजता ते बघणारा. तरीही हे पालुपद आता कानाला टोचायला लागलंय, म्हणून ही लांबलचक पोस्ट. ज्यांना अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून केलेली मारामारी वाटते त्यांनीही वाचा, विषय तेवढ्यापुरता नाही.

आधी थोडं घरचं. नेब्रास्कात मोठ्या व्यावसायिक लीगचा एकही संघ नाही. ना एनएफएल, ना एनबीए. आहे ती युनिव्हर्सिटीची टीम. लिंकनच्या मेमोरियल स्टेडियममध्ये ८५ हजारांच्या आसपास माणूस बसतो आणि नोव्हेंबर १९६२ पासून तिथला प्रत्येक सामना हाउसफुल आहे. मॅचच्या दिवशी ते स्टेडियम ओमाहा आणि लिंकनच्या खालोखाल राज्यातलं तिसरं मोठं शहर होतं, असं इथली पोरंटोरंही सांगतात. बायकांच्या व्हॉलीबॉललासुद्धा ३० ऑगस्ट २०२३ ला याच मैदानात ९२,००३ लोक जमले होते. एवढं प्रेम, आणि फुटबॉलचं शेवटचं राष्ट्रीय विजेतेपद कधीचं? १९९७ चं. म्हणजे आमचे कोच टॉम ऑस्बोर्न निवृत्त झाले त्या मोसमातलं, आणि तेही मिशिगनसोबत वाटून घेतलेलं. २०२१ मध्ये तर आम्ही नऊ सामने हरलो आणि नऊच्या नऊ दहापेक्षा कमी गुणांनी. इतक्या चिवटपणे हरायलाही अंगात काहीतरी लागतं.

तर रायोला. बाप डॉमिनिक रायोला आमच्याच टीमचा नावाजलेला सेंटर. पोरानं आधी ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीकडून खेळायला होकार दिला, तो मोडून जॉर्जियाला दिला आणि डिसेंबर २०२३ मध्ये ऐनवेळी जॉर्जियालाही सोडून लिंकनला आला. तेव्हा जॉर्जियावरच्या निष्ठेचं काय, असं इथल्या कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. ‘घरचं पोर घरी आलं’ म्हणून लोक नाचत होते. १ नोव्हेंबर २०२५ ला यूएससीविरुद्ध त्याचा पाय मोडला, मोसम तिथेच संपला. डिसेंबरात त्याच्या सख्ख्या काकाला, जो आमचा ऑफेन्सिव्ह लाइनचा कोच होता, नारळ मिळाला. त्यानंतर पोरगं ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, गेलं. तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं?

आणि त्याच्या जागी कोण आलं? अँथनी कोलँड्रिया. आधी व्हर्जिनिया, मग लास व्हेगासचं यूएनएलव्ही, आता आम्ही. तिसरं कॉलेज! जे लोक रायोलाला शिव्या घालत होते तेच याच्या फोटोखाली लाल बदाम टाकतायत. आपल्याकडे आला की घरवापसी, आपल्याला सोडून गेला की गद्दार. २०२२ पासून महाराष्ट्राच्या बातम्या बघणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. इथे निदान खोके कायदेशीर आहेत.

कायदेशीर झाले तेही आत्ता कुठे. २०२१ पर्यंत कॉलेजच्या खेळाडूनं स्वतःची सही विकून चार डॉलर मिळवले तरी तो गुन्हेगार ठरायचा. त्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टानं कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या विरोधात ९-० असा निकाल दिला, जुलैपासून नाव-चेहरा वापरून जाहिराती करायला मुभा मिळाली. मग जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी ‘हाउस’ खटल्यातल्या तडजोडीवर शिक्कामोर्तब केलं आणि कॉलेजांना थेट पैसे द्यायची वाट उघडली, पहिल्या वर्षी साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत, सगळ्या खेळांच्या खेळाडूंत मिळून. आकडा डोळे फिरवणारा वाटतो. पण आमच्या बिग टेन कॉन्फरन्सचा, म्हणजे आम्ही ज्या कॉलेजांच्या गटात खेळतो त्याचा, टीव्हीचा करार सात वर्षांचा आणि सात अब्ज डॉलरच्या वरचा आहे. एवढी वर्षं तो पैसा कुठे जात होता आणि डोकं कुणाचं फुटत होतं, एवढंच बघा.

मी सातारा जिल्ह्यातला. आमच्याकडे यात्रेच्या फडात कुस्ती लागते तेव्हा इनामाचा आकडा लाउडस्पीकरवर आधी पुकारतात आणि मगच पैलवान हात मिळवतात. पैसे घेतले म्हणून पैलवान बाटला असं कुणाही म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकलेलं नाही. उलट इनाम कमी असेल तर लोक यात्रा कमिटीला नावं ठेवतात. ‘खेळाडूनं फुकट खेळावं, त्यातच खेळाचं पावित्र्य’ ही घरी खायला मुबलक असलेल्या इंग्रज साहेबांची आवड. ज्याच्या घरी नाही त्याला ती परवडत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. कॉलेजनं खेळाडूसाठी पदरमोड करावी यात मला तरी काही अपवित्र दिसत नाही.

आता कोच लोकांच्या निष्ठेकडे वळू. आमचे हेड कोच मॅट रूल आधी टेंपल युनिव्हर्सिटीत होते, तिथून बेलर, तिथून एनएफएलमधले कॅरोलायना पँथर्स, तिथून हकालपट्टी, मग आम्ही आठ वर्षांसाठी ७ कोटी ४० लाख डॉलर देऊन आणले. गेल्या ऑक्टोबरात त्यांच्या जुन्या कॉलेजमध्ये, पेन स्टेटमध्ये, जागा रिकामी झाली. नावाची कुजबुज सुरू झाल्याबरोबर आमच्या लोकांनी घाईघाईनं करार २०३२ पर्यंत वाढवून दिला. ते निष्ठेचं फळ म्हणे. मला रूल आवडतात, माणूस सरळ बोलतो, पण हे तेच आहे जे रायोलानं केलं: बाजारात आपली किंमत किती ते बघितलं. त्यांच्या आधीच्या स्कॉट फ्रॉस्टना आम्ही ११ सप्टेंबर २०२२ ला काढलं आणि घरी बसायचे दीड कोटी डॉलर दिले. १ ऑक्टोबरपर्यंत थांबलो असतो तर तीच रक्कम निम्मी झाली असती! तिकडे एलएसयूनं (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) आपले कोच ब्रायन केली यांना काढलं तेव्हा देणं पाच कोटी डॉलरच्या वर निघालं, आणि त्यांच्या जागी लेन किफिन आले ते आपली ओल मिसची टीम प्लेऑफच्या तोंडावर सोडून.

युनिव्हर्सिट्यांचं तर विचारूच नका. आम्ही स्वतः २०११ मध्ये बिग ट्वेल्व्ह सोडून बिग टेनमध्ये गेलो. १९७१ च्या थँक्सगिव्हिंगला ओक्लाहोमाला ३५-३१ नं हरवलेला सामना अजून इथले म्हातारे चेंडू-चेंडूनिशी सांगतात, आणि त्या ओक्लाहोमाशी आता वर्षाकाठी गाठ नाही. बिग ‘टेन’मध्ये सध्या अठरा संघ आहेत. लॉस एंजेलिसच्या पोरांनी न्यू जर्सीत जाऊन खेळायचं आणि सोमवारी वर्गात बसायचं. याला धोरण म्हणायचं.

मॅचचा विषय आहे तर चिलीबद्दल, म्हणजे इथल्या घेवडा-खिम्याच्या तिखट रश्शाबद्दल, लिहायलाच हवं, कारण आमच्या घरी अर्धा फुटबॉल स्वयंपाकघरातच होतो. नेब्रास्कात चिलीसोबत सिनॅमन रोल खातात. तिखट, दाट, मसालेदार वाडग्यात दालचिनीचा गोड रोल बुडवून! इथल्या शाळांच्या जेवणात पिढ्यानपिढ्या हेच आलंय. बाकीचे अमेरिकन यावर नाक मुरडतात. मी मुरडलं नाही. पुरणपोळी कटाच्या आमटीत बुडवून खाणाऱ्याला हे काय नवीन? सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनी एक घास घेतला, म्हणाल्या, ‘कटात गरम मसाला कमी पडलाय,’ आणि दुसरा रोल उचलला.

माझी पद्धत अशी. शुक्रवारी रात्री राजमा आणि ग्रेट नॉर्दर्न बीन्स भिजत घालायचे. हा पांढरा घेवडा पिकवण्यात नेब्रास्का देशात पहिला आहे, त्यामुळे कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची हौस त्यावर भागवतो. सकाळी कांदा भरपूर आणि जीव खाऊन परतायचा. चिली बिघडते ती कांद्यात घाई केली की. मग लसूण, जिरेपूड, टर्कीचा खिमा, आणि खिम्याचं पाणी आटून तेल सुटेपर्यंत हात थांबवायचा नाही. टोमॅटो. त्यानंतर गावाहून आलेला कांदा-लसूण मसाला, दोन चमचे, इथल्या चिली पावडरच्या ऐवजी. शिजलेला घेवडा थोडा पळीनं ठेचून घालायचा म्हणजे रस्सा आपोआप मिळून येतो, कॉर्नफ्लोअर लागत नाही. मंद आचेवर पहिला हाफ होईपर्यंत ठेवायची. शेजारी बीफ घालतात, पण गेल्या वर्षी त्याच्या खिम्यानं पाउंडाला सहा डॉलर ओलांडले तेव्हापासून तेही आमच्या पातेल्याकडे आदरानं बघतात.

२० सप्टेंबर २०२५ ची चिली मात्र कुणी चवीनं खाल्ली नाही. आदल्या दिवशी, शुक्रवारी, एच-वन-बी व्हिसावर एक लाख डॉलर फी लावणारी घोषणा ट्रम्प यांनी केली होती, रविवारी मध्यरात्रीपासून लागू. नेमकी कुणाला लागू, ते स्पष्ट नव्हतं. आमच्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्रभर झोप नाही. पुण्याला गेलेल्यांनी चोवीस तासांत परत कसं यायचं, विमानात चढलेल्यांनी उतरायचं का. दुसऱ्या दिवशी घरात दोन पडदे चालू होते: टीव्हीवर मिशिगनविरुद्धचा सामना, फोनवर वकिलांचे मेसेज. मध्यंतराच्या ठोक्याला रायोलानं आकाशात भिरकावलेला चेंडू आमच्याच पोरानं झेलला, टचडाउन, १७-१७, आणि खोलीतला एक मित्र वर बघेच ना, फोनमध्येच. फी फक्त नव्या अर्जांना लागू, असा खुलासा शनिवारी दुपारी आला. सामना आम्ही ३०-२७ नं हरलो. त्या दिवशी पहिल्यांदा हरल्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

यंदा पोर्टल उघडं होतं २ ते १६ जानेवारी. कुठल्याही खेळाडूनं नाव टाकावं, दुसरं कॉलेज बघावं. व्हिसावाल्याला नोकरी बदलायची तर नव्या मालकानं नवा अर्ज भरायचा, आणि नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधा नाहीतर गाशा गुंडाळा. ग्रीन कार्डाच्या रांगेत पोरांची शिक्षणं होतात. एवढं सोसून तो दुसऱ्या कंपनीत गेला की जुना मॅनेजर म्हणतो, ‘लॉयल नव्हता.’ आणि त्याच मॅनेजरला वरून आदेश आला की पंधरा मिनिटांच्या कॉलवर लोक कमी होतात. हे मी एकापेक्षा जास्त ऑफिसांत पाहिलंय.

नोव्हेंबरात नेब्रास्कातल्याच लेक्झिंग्टनची बातमी आली. ११ हजारांच्या आसपास वस्तीचं गाव, टायसनचा बीफचा कारखाना, ३,२०० कामगार. थँक्सगिव्हिंगला आठवडा नव्हता राहिला तेव्हा कंपनीनं जाहीर केलं की जानेवारीत बंद. कारण खरं आहे, देशात गुरांची संख्या सत्तर-एक वर्षांत एवढी कमी नव्हती. पण त्या गावानं १९९० पासून कारखान्याभोवती घरं बांधली, शाळा वाढवल्या, मेक्सिकोहून, सोमालियाहून आलेली माणसं वसवली. त्या आठवड्यात रेडिओवर कारखाना आणि फुटबॉल, दोन्ही विषय चालू होते. कारखान्याबद्दल बोलताना सगळे समंजस, ‘बाजारच तसा आहे.’ घोषणेच्या दुसऱ्या दिवशी पेन स्टेटनं आम्हाला ३७-१० नं धुतलं आणि लगेच तेच आवाज वीस वर्षांच्या पोरांच्या काळजाचा ठाव घ्यायला लागले.

आमचा पंटर (चेंडू लाथेनं लांब मारणारा खेळाडू) आर्ची विल्सन ऑस्ट्रेलियाचा. ऑगस्टमध्ये पत्रकारांसमोर आईवडील आणि भावांची आठवण काढताना त्याला रडू आवरलं नाही, तो व्हिडिओ तुम्हीही कदाचित पाहिला असेल. मला तो आपलाच वाटतो. परदेशी विद्यार्थ्याला एफ-वन व्हिसावर वेगळ्या परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करता येत नाही, त्यामुळे शेजारच्या लॉकरमधला पोरगा ट्रकची जाहिरात करून कमावतो तशी जाहिरात अशा खेळाडूंना अमेरिकेच्या भूमीवर करणं धोक्याचं. मी त्याच व्हिसावर मेसमध्ये भांडी विसळायचो, आठवड्याला वीस तास, त्यापुढे एक मिनिट नाही. त्या वीस तासांसाठी कुणी माझ्याकडे निष्ठा मागितली नव्हती, फक्त हेअरनेट घालायला सांगितलं होतं.

शेजारच्या आजोबांशी यावर नेहमी वाजतं. त्यांची सीझन तिकिटं वडिलांपासून चालत आलेली, त्यांचं दुःख खोटं नाही. दरवर्षी नवी नावं पाठ करायची, कुणी चार वर्षं टिकत नाही, हे मलाही खुपतं. मी त्यांना म्हटलं, मग सरळ करार करा. दोन-तीन वर्षांचा, दोन्ही बाजूंना बांधणारा. मधेच सोडलं तर पोरानं भरपाई द्यायची, मधेच काढलं तर कॉलेजनं, कोचला देतात तशी. पोरांची युनियन असू दे, जखम झाली तर पुढच्या उपचारांचं लिहून घ्या.

आजोबा म्हणाले, ‘म्हणजे ती नोकरदारच झाली की.’

म्हटलं, ‘झालेलीच आहेत.’

त्यावर त्यांनी वाडगा पुढे केला आणि कोलँड्रियाचे चेंडू समोरच्याच्या हातात फार जातात, हा विषय काढला.